दहा मिनिटांच्या सफरीची माफी

इजहारभाई,

तिकडं अमेरिकेत तू तिकीट काढून दहा मिनिटं अवकाशात जाऊन येणार, हे तुझ्या व्हिडिओतून कळलं. किंमत ऐकून मी सुन्नच झाले. अम्मीच्या हजचं काढलं की "पुढच्या साली बराबर नेतो" म्हणायचास, तो तूच ना?

अम्मी चिडली न्हाई. हजला निघणारा घरोघर माफी मागतो, तशी ती सकाळपासून सारं हसनाबाद फिरली, पण तुझ्यासाठी. "माझा इजहार लई लांब चाललाय. त्याचं काही चुकलं असंल तर माफ करा." गजाननकाकांच्या दारात चक्कर आली, तरी पाणी पिऊन पुढं गेली. हा फेरा तिला स्वतःच्या हजसाठी मारायचा होता रे!

दुपारी घरी आली अन् चप्पल काढायच्या आधी माझाच हात धरला. "नाजिया, तूबी माफ कर त्याला."

केलं, असं मी तिला सांगितलंय. ते खरं होईपर्यंत हे पत्र माझ्यापाशीच राहील.

तुझी बहीण,
नाजिया