मी कुठे आहे?

सोमवार, ४ तारीख
आज हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात रुजू झाले! तळमजल्यावरची खोली, दोन खुर्च्या, एक पंखा आणि मी. इथे बसून सगळ्या वॉर्डांतले चाळीस कॉम्प्युटर सांभाळायचे. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांड लिहायची, एंटर दाबायचं, की तिसऱ्या मजल्यावरचा कॉम्प्युटर मुकाट्याने ऐकतो. आई म्हणाली, मग घरचा पंखाही तिकडूनच बंद करत जा, माझं उठणं वाचेल. बाबांचं अख्ख्या गल्लीला सांगून झालंय. घरातली पहिली पदवीधर ना! रोजनिशीही आता याच कॉम्प्युटरवर लिहीन.

गुरुवार, ७
दुसऱ्या खुर्चीतले वायरमनकाका काम शिकवतात. वीस वर्षं झाली त्यांना इथे. त्यांचा एकच नियम: प्रत्येक कॉम्प्युटरची खिडकी वेगळी, पण काळ्या खिडक्या सगळ्या सारख्या दिसतात, म्हणून एंटर दाबण्याआधी विचारायचं, मी कुठे आहे? तशी कमांडच आहे. खिडकी ज्या कॉम्प्युटरची, तो आपला नंबर सांगतो. माझा एक. नाहीतर आपलं समजून दुसऱ्याचं घर बंद करशील, पोरी, असं म्हणाले. मला हसू आलं.

सोमवार, ११
शुक्रवारी निघायच्या घाईत मी माझा कॉम्प्युटर बंद करायची कमांड दिली. माझा चालूच राहिला. समोरची खिडकी सतरा नंबरच्या कॉम्प्युटरची होती.

सतरा म्हणजे श्वासाच्या यंत्राची धोक्याची घंटा वाजवणारा कॉम्प्युटर. त्या खोलीत आमच्या गल्लीतल्या शिवणक्लासच्या बाई त्या यंत्रावर होत्या. मी लगेच ओरडत वर जायला हवं होतं. कुणाला न कळता तो परत चालू होतो का, हे पाहत मी दहा मिनिटं इथेच बसले. तेवढ्यात बाईंची श्वासाची नळी निसटली. घंटा वाजली नाही. बाई गेल्या.

कुणी कुठली कमांड दिली, याची कॉम्प्युटर आपोआप नोंद ठेवतो. त्यात एक ओळ होती: सतरा बंद केला, आणि पुढे माझं नाव. ती मी पुसली.

मंगळवार, १२
चौकशी झाली. शुक्रवारी सकाळी काकांनी त्याच खोलीत सतराची वायर बदलली होती. साहेबांनी मला विचारलं, नोंदीत काही सापडलं का. मी नाही म्हणाले. काका म्हणाले, माझ्याच हातून सैल राहिली असणार. त्यांना खरंच तसं वाटतं. उद्यापासून ते येणार नाहीत. जाताना मलाच म्हणाले, जपून राहा गं.
घरी बाबांनी विचारलं, साहेब खूश आहेत ना? मी मान हलवली.

गुरुवार, १४
सतरा अडगळीच्या खोलीत टाकलाय. तरी आज माझ्या पडद्यावरच्या कॉम्प्युटरांच्या यादीत तो चालू दिसला. जाऊन पाहिलं. त्याची वायर त्याच्याच अंगाभोवती गुंडाळलेली. परत आले तर माझ्या खिडकीत ती पुसलेली ओळ. नावासकट.

शुक्रवार, १५
पुसली. आली. पुसली. आली.
खोलीत कुणीतरी श्वास घेतंय. शिवणयंत्रासारखा, थांबत, अडकत— पंखा असेल.
पंखा बंद आहे.

सोमवार, १८
साहेबांना सगळं लिहितेय. काकांना परत बोलवा, असंही. पत्र अर्धं झालंय, अजून पाठवलं नाही— छाती भरून येतेय— हवा पुरत नाही— घंटा का वाजत नाही?
काकांचा नियम. विचारलं, मी कुठे आहे?
उत्तर आलं: १७.
समोर एकेक अक्षर उमटतंय. बंद करायची कमांड. देणारीचं नाव माझंच. थांब गं, एंटर नको, आधी विचार, मी कु