हसून मेले, तापानं मेले

आये, तुझी पणती, म्हणजे माझी नात, चाकणच्या कंपनीत लागली आहे. गाड्यांच्या वायरी जोडते. कंपनीची बस तिला चिखलीच्या चौकातून उचलते आणि बसली की पोरीचा अंगठा मोबाईलवर सुरू. मला फार कौतुक तिचं, तुला काय सांगू. तू मला चौथीतून काढलंस तेव्हा अडलेली जोडाक्षरं तिनं मोबाईलवर सोडवून दिली. पण एक सांगते, रागवू नकोस. ती उठसूट 'मेले' लिहिते. कुणाचं मांजर परातीत झोपलं, मेले. माझ्या शेंगोळ्यांचा फोटो टाकला तर खाली तिच्या मैत्रिणींची रांग: मेले, वारले, खपले, हार आणा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून रडायलाच बसले. हसून मेले असं असतं ते, तिनं समजावलं.

तेव्हा तू आठवलीस. दिवेलागण झालेली, मी खुरपून आलेली, 'मेले गं बाई उन्हानं' म्हणत चुलीपाशी टेकते आणि तू पिठाच्या हातानं माझ्या तोंडावर मारतेस. "दिव्याच्या टायमाला असं बोलू न्हाई. वास्तू तथास्तु म्हणती." माझ्या आधीची दोन लेकरं तू पुरली होतीस, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या गोठ्याच्या जागी आता वर्कशॉप आहे, दिवसभर पत्रा कापतात. वास्तूला काही ऐकू जात असेल असं वाटत नाही. म्हणून मीही शिकले. नातीच्या नव्या ड्रेसच्या फोटोखाली 'मेले' लिहिलं, तर घरभर हशा. मला आवडलं ते, खोटं कशाला बोलू.

मग श्रावणात तिच्या लाईनवरची एक पोर आजारी पडली. परभणीकडची, खोली करून एकटी राहायची, आमच्याकडे भाकरी खाऊन गेलेली. तिनं पोरींच्या ग्रुपवर लिहिलं, तापानं मेले मी. सगळ्यांनी हसरी तोंडं टाकली. नातीनं लिहिलं, मी पण, तिरडी एकच मागवू. पोर कामावर येईना, फोन उचलेना, म्हणून शेवटी खोलीचं दार तोडलं.

"आज्जी, तिनं खरं लिहिलं होतं गं." एवढंच बोलली नात. ग्रुपमधून बाहेर पडली. शिफ्टवरून येते, ताट घेते, भिंतीकडे तोंड करून दोन घास खाते. मी मुद्दाम काहीबाही फोटो पाठवते तर 'छान' लिहिते. छान! परक्या बाईला लिहावं तसं. तिचा बाप म्हणतो, बरं झालं, तोंडाला वळण लागलं. त्याला काय कळतंय.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुला सांगते. रोज देवापुढं बसून मी मागते, पोरीनं पुन्हा तसं लिहावं. तो शब्द काही देवासमोर तोंडातून निघत नाही. नुसतं 'ते' म्हणते.