शेंडी ठेवलेला नारळ

लीड्स, मंगळवार दुपार

यतीन,

तू त्या बेटावरून पाठवलेलं सॅम्पल आज आमच्या लॅबमध्ये पोहोचलं. सूचनेत 'नारळ पूर्ण सोलून पाठवावा' असं स्पष्ट लिहिलंय, आणि तू नेमकी शेंडी ठेवलीस. ओटीच्या नारळाला ठेवतात तशी. सवयीने ठेवलीस की माझ्यासाठी, हे विचारायचा हक्क मी दोन वर्षांपूर्वीच गमावला. तू 'चल' म्हणालास आणि मी लीड्स सोडलं नाही.

खोका उघडला तेव्हा आसपास कोणी नव्हतं. मी लॅबकोटाचा घेर पुढे धरला आणि नारळ त्यात घेतला. हसू नकोस.

मग शेंडी काढली, नारळ फोडला, खोबरं वाळवून मोजलं. तिथल्या अणुचाचण्या थांबून साठ वर्षं झाली, तरी ते झाड अजून जमिनीतून किरणोत्सारी सीझियम वर ओढतंय. त्याला ते अन्नच वाटतं.

रिपोर्टमध्ये 'खाण्यास अयोग्य' लिहिलं. तो तुला मिळेल, हे पत्र मिळणार नाही. सॅम्पल चुकीच्या पद्धतीने आलं, हा शेरा मात्र मी मारला नाही. नाहीतर पुढच्या वेळी तू शेंडी काढून पाठवशील.

ईशिता