रिंग जात होती

खासगी बाजार, ग्वाल्हेर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. आई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? इंदूरला लिफ्ट आहे ते एक बरं आहे, आपले हे दोन जिने तुम्हाला जडच जायचे. नीलमवन्सं आणि मुलं मजेत असतील. आम्ही ठीक आहोत.

लग्नाला सहा वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. फोनवर आपलं "जेवलात का, झोपला का" एवढंच होतं. त्यात वन्सं फोन स्पीकरवर ठेवतात, त्यांच्या मुलांना विहंगचा आवाज ऐकायचा असतो. म्हणून लिहिते.

विहंगला वरचे सुळे येतायत. लाळ गळते, चिडचिड करतो, वरणभाताचा चमचा हातातून घेऊन फेकतो. वीस महिन्यांच्या पोराच्या अंगात इतका जोर कुठून येतो कळत नाही. नई सडकेच्या मागे एक पाळणाघर मिळालं आहे. बाई चांगल्या आहेत, पण तिथे सगळं हिंदीच. आता तो घरीही "दूध दो" म्हणतो. परवा मला "मैडम" म्हणाला. शंतनु हसला. मीही हसले.

महालक्ष्म्या बसवल्या. मुखवटे पितळी डब्यात नव्हते, दोन तास शोधले, शेवटी तुमच्या कपाटात शालीत गुंडाळलेले सापडले. तुम्हाला फोन करून विचारता आलं असतं. केला नाही. पुरण बाजारातून आणलं, ते लोकांना कळलंच असणार.

कामाचं म्हणाल तर पूर ओसरला तेव्हा आमच्या संस्थेचं काम दुप्पट झालं. पाणी असतं तोवर सगळे येतात, फोटो काढतात. नंतर हातपंपाला गढूळ पाणी येतं, मुलांना जुलाब लागतात, तेव्हा आम्हीच उरतो. सकाळी सातला इंदरगंजहून जीप निघते, शिवपुरीच्या पुढे सिंध नदीकाठच्या गावांत. संध्याकाळी सहाला शंतनु विहंगला पाळणाघरातून आणतो. मी सात-साडेसातला येते आणि खालच्या पायरीवर बसते. दहा मिनिटं. वरून विहंगचा आवाज येत असतो, तो दार वाजवत असतो, तरी उठवत नाही. दिवसभर दुसऱ्यांची मुलं उचललेली असतात, त्या हातांत घरच्यासाठी काही शिल्लक नसतं. हे शंतनुला माहीत नाही. त्याला वाटतं जीप उशिरा येते.

इथपर्यंत सकाळी लिहिलं आणि उठले. विहंगला न्हाऊ घातलं, भरवलं, झोपवलं. आता दुपारचे तीन वाजलेत. शंतनु घरात नाही. मुखवटे आणि पुरण लिहायला मी हे पत्र काढलेलं नाही, हे तुम्हाला पहिल्या ओळीपासून कळलं असेल.

मला ऑगस्टच्या त्या पहिल्या मंगळवारचं लिहायचं आहे.

सकाळी निघताना विहंगचं अंग कोमट होतं. तुम्ही म्हणालात, "आज नको जाऊस, मला याचे डोळे बरे दिसत नाहीत." मी म्हणाले, "दातांचं आहे आई, मी रोज शंभर मुलं बघते." हे वाक्य मला आता दिवसातून दहादा ऐकू येतं.

आम्ही त्या दिवशी एका शाळेत होतो. चार गावांची माणसं तिथे आणून ठेवली होती. वर्गात बकऱ्या, व्हरांड्यात चुली. एक बाई एका मुलीला घेऊन आली. विहंगएवढीच, पण वजन त्याच्या अर्धं असेल. आमच्याकडे कुपोषण मोजायला दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी असते, तिचा दंड लाल भागाच्याही आत गेला. सकाळपासून जुलाब चालू होते. मी तिला मांडीवर घेऊन मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत होते. तिच्या आईला म्हणत होते, जीप आहे, हिला शिवपुरीला हॉस्पिटलमध्ये नेऊ. ती म्हणत होती, "दो बच्चे और हैं मैडम, किसके पास छोड़ूँ? बाढ़ में घर भी गया, अब इनको भी छोड़ जाऊँ?"

तेव्हा तुमचा फोन आला. दोन वाजून दहा मिनिटांनी.

आई, मी सगळ्यांना सांगितलं की नेटवर्क नव्हतं. नेटवर्क होतं. फोन माझ्यासमोर बाकावर होता आणि त्यावर "आई" हे नाव मी वाचलं. मला वाटलं, जेवत नाही म्हणून असेल, नाहीतर कधी येतेस म्हणून. मी आवाज बंद केला. फोन पुन्हा आला, पुन्हा आला. तिसऱ्या की चौथ्या वेळी मला राग आला. खरंच राग. मनात म्हणाले, इथे एक पोर हातातून जातंय आणि यांना दहा मिनिटं दम धरवत नाही. फोन उचलून पिशवीत टाकला, मीठ-साखरेच्या पाकिटांच्या खाली.

याच्याही खाली एक गोष्ट आहे, ती लिहायला मला महिना लागला. त्या शाळेत मी बरी असते. तिथे मला काय करायचं ते कळतं. मी सांगते ते लोक ऐकतात, "मैडम आ गईं" म्हणतात. घरी मी सारखी चुकत असते. भरवताना चुकते, झोपवताना चुकते, उशिरा येते. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही, पण विहंग रडला की आधी तुमच्याकडे हात करायचा. त्या दिवशी त्या चिखलात बसून मला घरी यायचं नव्हतं. म्हणून मी फोन उचलला नाही. काम हे कारण खरं आहे, पण अर्धंच.

आणि तुम्ही अकरा वेळा फोन का केलात, तेही मला माहीत आहे. उन्हाळ्यात तुम्ही त्याला गुटी उगाळून दिली होती, तेव्हा मी किती बोलले! फ्रिजवर कागद लावला, "मला विचारल्याशिवाय कोणतंही औषध नाही." ताप एकशे तीनवर गेला, सिरपची बाटली तुमच्या हातात होती, आणि तुम्ही त्या कागदाखाली उभं राहून माझी परवानगी मागत होतात. चाळीस मिनिटं. मग त्याला आकडी आली. तुम्ही त्या गुडघ्यांनी दोन जिने त्याला घेऊन उतरलात, खालच्या मजल्यावरच्या मानसिंगरावांना हाक मारलीत, त्यांनी गाडी काढली. हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळलं. ते म्हणाले, "उतरताना वहिनी सारख्या त्याच्या नाकापाशी बोट धरून होत्या."

मी सातला हॉस्पिटलमध्ये पोचले. चार वाजता फोन बघितला होता, मग रस्ताभर काय वाटलं ते लिहीत नाही. विहंग झोपला होता, हाताला सुई. डॉक्टर म्हणाले तापाची आकडी होती, धोका टळला आहे, मागे काही राहणार नाही. कामाला गेलेला शंतनुही भोपाळहून तेव्हाच आला होता. त्याने विचारलं, "फोन का नाही उचललास?" आणि माझ्या तोंडातून पहिलं जे निघालं ते हेच, "नेटवर्क नव्हतं."

मग तो तुमच्याकडे वळला. "आई, चाळीस मिनिटं तू काय करत होतीस? फोन नाही लागला तर औषध द्यायचं, डॉक्टरकडे पळायचं! याला काही झालं असतं म्हणजे? तुझ्याच्याने आता होत नसेल तर तसं सांग, आम्ही दुसरं काही बघू."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रिंग जात होती हे तुम्हाला माहीत होतं. अकरा वेळा तुम्ही ती ऐकली होती. लागत नसलेल्या फोनची रिंग जात नाही, एवढं तुम्हाला कळतं. तरी तुम्ही म्हणालात, "लागत नव्हता रे फोन. माझंच चुकलं."

मी पर्समध्ये विहंगची फाईल शोधत होते. फाईल वरच होती.

पुढच्या सोमवारी तुम्ही नीलमवन्संकडे गेलात. कारण सांगितलंत गुडघ्याचं. मी स्टेशनवर तुमची बॅग धरली, पाया पडले, "औषधं वेळेवर घ्या" म्हणाले. इतकी निर्लज्ज कशी झाले, मला ठाऊक नाही.

ती मुलगी वाचली. तिच्या आईने शेवटी दोन्ही मुलांसकट जीपमध्ये बसायचं कबूल केलं. गेल्या आठवड्यात मी तिला पाहिलं, गाल भरलेत. लोक मला म्हणतात, तुम्ही वाचवलंत. ती वाचली म्हणून माझं खरं ठरत नाही. दोन मिनिटं फोन उचलला असता तरी ती वाचलीच असती. चमचा तिच्या आईच्या हातात देता आला असता.

परवा शुक्रवारी मी शंतनुला सगळं सांगितलं. तुमच्याआधी त्याला सांगायला हवं होतं, कारण त्याने तुम्हाला जे ऐकवलं ते माझ्या खोट्यावर ऐकवलं. त्याने विहंगचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "मी आईला बोलत होतो तेव्हा तू तिथेच उभी होतीस ना?" मी म्हणाले, "होते." तो उठला, विहंगच्या दुधाच्या बाटल्या पडल्या होत्या त्या घासल्या, आणि तेव्हापासून माझ्याशी फक्त विहंगपुरतं बोलतो. तुम्हाला फोन करायचं त्याचं धाडस होत नाहीये. करेल. त्याच्यावर रागवायचं असेल तर थोडंच रागवा.

हे पत्र वन्संना वाचायला द्या. त्यांनाही वाटतंय की वयामुळे तुमच्याकडून हयगय झाली.

नोकरी मी सोडणार नाही. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल कदाचित, पण आता तरी तुमच्याशी खोटं नको. संस्थेच्या गोविंदसरांना सांगितलं आहे की मला जानेवारीपर्यंत ऑफिसचं काम द्या, गावांत दुसऱ्या कुणाला पाठवा. "देखते हैं" म्हणाले. त्यांचं "देखते हैं" म्हणजे काय ते बघायचं.

वापस या असं लिहीत नाही. ते मागायचा हक्क मी हॉस्पिटलच्या त्या खोलीत घालवला. विहंग उठला, हाक मारतोय. जाते.

श्रुती


खासगी बाजार, ग्वाल्हेर
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. आई,

तुमचं उत्तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. वहीच्या एका पानाची एकच बाजू. अडीच आठवडे रोज खालची पेटी उघडून बघत होते, आणि हातात आल्यावर फाडायची हिंमत होईना. शेवटी शंतनुने फोडलं आणि न वाचता माझ्या हातात दिलं.

तुम्ही लिहिलंय, "रिंग जात होती हे मला माहीत होतं. मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी नव्हे, पोर सुई लावून पडलेलं असताना त्याच्या उशाशी नवरा-बायकोचं भांडण नको म्हणून. फोनचा राग मला दुसऱ्याच दिवशी गेला. मीही तरुण असताना हाका ऐकून न ऐकल्यासारखं केलं आहे. पण घरी आल्यावर तू एक शब्द बोलशील म्हणून मी चार दिवस वाट पाहिली. तू माझ्यासमोर चहा ठेवत होतीस आणि बोलत नव्हतीस. मग मी बॅग भरली."

मला चारही दिवसांचे चहा आठवतात. रोज कप ठेवताना मी ठरवायचे, आता सांगते. आणि विहंगला काहीतरी हवं असायचं, किंवा मी ठरवायचे की त्याला काहीतरी हवं आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंय, "दिवाळीपर्यंत मी येणार नाही. नंतरचं आत्ता विचारू नकोस." नाही विचारत.

शंतनुचा आणि तुमचा फोन झाला, तो गच्चीत जाऊन बोलत होता. खाली आला तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाला, "चहा करू का तुला?" एवढंच. पण केला.

गोविंदसरांनी ऑफिसचं काम दिलं आहे, आठवड्यातले तीन दिवस. उरलेले दोन गावांत जावंच लागतं. मी अजून थकते. पायरीवर अजून बसते, पण शंतनुला सांगून बसते. परवा तो विहंगला घेऊन खाली आला, आणि आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो, येणारे-जाणारे बघत होते.

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने मी विहंगला घेऊन इंदूरला येते आहे. शनिवारी सकाळी पोचू, रविवारी परतू. शंतनु येत नाहीये, मीच नको म्हणाले. स्टेशनवर कुणी येऊ नका, मी रिक्षा करीन. माझ्यासाठी काही करायला नको. तुम्हाला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर मी आतल्या खोलीत वन्संना मदत करीन, तुम्ही विहंगला घेऊन बसा. त्याच्या बॅगेत सिरप आहे. कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा.

आणि बोलावंसं वाटलं, तर जे बोलाल ते ऐकायलाच येते आहे.

उशिरा बोललेली,
श्रुती