अकरावा खर्डा

पिंपळगाव राजा,
बुधवार, ७ जानेवारी

प्रिय शरयू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पाकीट काही तास तसंच ठेवलं असशील, तर त्यात तुझं काही चुकलं नाही. पण आता उघडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. दिवाळीत पुण्याहून आलीस तेव्हा तू मला एकच काम सांगितलं होतंस: तुझ्या बाबांना पत्र लिहून तुला मागायचं. ते पत्र मी लिहिलं, शरयू. खरंच लिहिलं. तरीही पंधरा दिवसांत तुझा त्या नाशिकच्या मुलाशी साखरपुडा झाला, आणि त्याआधीपासूनच तू माझा फोन घेत नाहीस. मी माघार घेतली असं तुला वाटतं. तसं नाही. काय झालं ते क्रमानं लिहितो, कारण तोंडानं सांगायला गेलो की माझा क्रम सुटतो, हे तुला माहीतच आहे.

घरी सगळे बरे आहेत. आईच्या वाफ्यातली मेथी या वर्षी चांगली झाली. बाबांचा गुडघा थंडीत दुखतो, पण गुरुवारच्या बाजाराला ते स्वतःच जातात, मला पाठवत नाहीत. म्हणतात, तू भाजी विकत नाहीस, गिऱ्हाइकाकडं पाहत बसतोस. खामगावच्या छापखान्यात माझं काम वाढलं आहे. वाढदिवसांचे फ्लेक्स, दुकानांच्या पावत्या आणि आता लग्नसराई, म्हणजे पत्रिका. मालक भगवंतराव माझ्याशिवाय एकही कागद यंत्रावर चढवू देत नाहीत. या नोकरीला मी कसा लागलो ते तुला एकदा सांगितलं होतं. चुलतभावाच्या पत्रिकेसाठी बाकावर बसलो होतो, समोर नमुन्यांची चळत होती, आणि वेळ जावा म्हणून मी एका नमुन्यात नऊ चुका काढल्या. भगवंतराव म्हणाले, "किती शिकला बे तू?" मी म्हणालो, "नववी नापास." खरं तर नापासही नव्हतो. सहामाहीला टायफॉइड झाला, दोन महिने गेले, आणि नंतर वर्गात पुन्हा सगळ्यांसमोरून आत जायची इतकी भीती वाटली की गेलोच नाही.

म्हणजे माझी शाळा तुमचं वाचनालयच. तुझ्या बाबांकडं, म्हणजे सरांकडं, सांबार (तुमची कोथिंबीर) द्यायला यायचो आणि संध्याकाळी तू वाचनालयात नोंदवहीपाशी बसलेली असायचीस. पहिली कादंबरी नेताना मी सोबत शब्दकोशही मागितला, तेव्हा तू हसली नाहीस. म्हणालीस, "शब्दकोश राहू दे. शब्द अडला तर अडू दे, पुढं वाचत राहा. तिसऱ्यांदा भेटेल तेव्हा तूच त्याला ओळखशील." मला तेवढा धीर नव्हता. मी वही केली. डावीकडं अडलेला शब्द, आणि उजवीकडं अर्थ नाही, तर तो शब्द आला तेव्हा गोष्टीतली माणसं काय करत होती ते. 'आर्जव' या शब्दासमोर मी लिहिलं होतं: ती दाराशी उभी आहे, तो चपला घालतो आहे, ती पुन्हा एकदा तेच सांगते. ते वाचून तू वही मिटलीस आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलीस. मला वाटलं काही चुकलं. घरी येऊन सगळी वही पुन्हा तपासली.

अशा सहा वह्या झाल्या. शब्द आले, पण ते ठेवायला घरात जागा नव्हती. एकदा मी आईला म्हणालो, "आज बकरी विमनस्क दिसते." आई चुलीपुढून उठून आली. "काऊन, काय खाल्लं तिनं? असा उभा काय राह्यला, डॉक्टरले बोलाव ना मंग!" बाबा दोन दिवस गावभर सांगत फिरले की आमच्या बकरीले पुस्तकातला रोग झाला. मला हसू आलं, पण वाईटही वाटलं. ज्यांच्याशी बोलायचं त्यांना हे शब्द नको होते, आणि ज्यांना चालले असते त्यांच्याशी माझं बोलणं नव्हतं. एक तू होतीस. म्हणून जे काही शिकलो ते सगळं तुझ्या दिशेनंच शिकलो.

त्यातच माझी चूक आहे. एका कादंबरीतला तो प्रसंग आठवतो? दोघं ओसरीवर बसून कंदिलाच्या वातीबद्दल बोलतात, आणि पान संपतं तेव्हा आपल्याला कळतं की ती आता कधीच भेटणार नाहीत. तू म्हणाली होतीस, "बघ, मनातलं एकदाही तोंडावर आणलेलं नाही, तरी सगळं पोचलं." मी ते पान चार वेळा वाचलं. चांगली माणसं महत्त्वाची गोष्ट सरळ सांगत नाहीत, ती शेजारून सांगतात आणि ऐकणारा समजून घेतो, असा नियम मी मनात पक्का केला. मला वाटलं, शिकलेल्या घरांत असंच बोलत असतील.

दिवाळीत तू म्हणालीस, "मी आधी बोलले तर बाबा म्हणतील पोरीला पुण्याचं वारं लागलं. तू आधी लिही. तुझ्यासारखं मराठी त्यांना दुसरं कोणी लिहीत नाही. त्यांनी मला विचारलं की मी हो म्हणते." मी कामाला लागलो. अकरा खर्डे झाले. चौथ्या खर्ड्यात सरळ वाक्य होतं: मला शरयूशी लग्न करायचं आहे. पाचव्यात ते काढलं. सरांसारख्या माणसापुढं ते फार उघडं दिसत होतं, चौकातल्या फ्लेक्सवरच्या अक्षरांसारखं. त्या जागी मी लिहिलं: "शरयू या गावातून गेली की वाचनालयाच्या खिडकीतला उजेड कमी होईल. तो उजेड आपल्याजवळच राहावा असं वाटण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे आपणच ठरवावे." हे लिहिल्यावर मला वाटलं होतं, की याहून स्पष्ट लिहिणं आता असभ्यपणा होईल.

एक डिसेंबरला सर स्वतः छापखान्यात आले. मी यंत्रामागं होतो, हात शाईनं भरलेले. सर म्हणाले, "एकतीस वर्षं मराठी शिकवलं मी. एकाही विद्यार्थ्यानं मला असं पत्र लिहिलं नाही." आणि खिशातून माझं पत्र काढून त्यांनी ते भगवंतरावांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पूर्ण, थांबत थांबत, जसं वर्गात वाचत असतील तसं. भगवंतरावांनी डोळे पुसले. मला म्हणाले, "काय बे कुलदीप, एवढं भरलं हाय तुह्यात, अन् इथं त दिवसभर तोंडातून हूं निघत नाही!" मग सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बहीण सासरी जाताना भावाला काय वाटतं, ते यात आहे. सख्खा भाऊ असून शौनकला यातली एक ओळ सुचायची नाही. नाशिकचं स्थळ जवळजवळ ठरलंच आहे, शरयूच्या पत्रिकेचा मजकूर तूच लिहायचास. आणि खाली विनीतमध्ये शौनकच्या शेजारी तुझं नाव घाल. आमच्याच घरचा आहेस तू."

मी "हो सर" म्हणालो. भगवंतरावांनी चहा मागवला, तोही मी प्यायलो.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. सर त्याआधीच तुझ्याशी बोलले होते, हे मला माहीत नव्हतं. तू विचारलंस, "जे लिहायचं होतं तेच लिहिलंस ना?" मी हो म्हणालो, कारण माझ्या समजुतीप्रमाणं मी तेच लिहिलं होतं. मग म्हणालीस, "म्हणजे बाबा म्हणतात ते खरं तर." आणि फोन बंद झाला. मी तुला बहीण मानून लिहिलं असं तू समजलीस, हे मला अर्ध्या तासानं कळलं. तेव्हापासून एकोणीस वेळा फोन केला. आता करत नाही.

एक गोष्ट मनातून जात नाही. ज्यांनी एकतीस वर्षं मुलांना ओळींच्या मधलं वाचायला शिकवलं, त्यांना माझ्या ओळींच्या मधलं दिसलं नसेल? मी आजवर तुमच्या घरी ओट्यापर्यंतच आलो आहे. आई अजूनही बजावते, "सरायच्या घरी ओट्याच्या पुढं जात जाऊ नोको." आणि सर म्हणतात, आमच्याच घरचा. त्यांना खरंच कळलं नाही, की सगळं कळलं आणि म्हणून त्यांनी मला भावाच्या शेजारी नेऊन बसवलं? कळलं नसेल तर जाऊन सांगावं लागेल, आणि कळलं असेल तर सांगून काही उपयोग नाही. तीनदा सायकल घेऊन तुमच्या गल्लीपर्यंत गेलो. शेवटच्या वेळी सर ओट्यावरच होते. म्हणाले, "ये कुलदीप, मजकूर झाला का?" मी म्हणालो, "होऊन राह्यला सर." आणि तसाच मागं फिरलो. माझ्याकडं सहा वह्या शब्द आहेत, शरयू, आणि त्या माणसासमोर त्यातला एकही कामाला येत नाही.

म्हणून तुला तरी शेजारून सांगत नाही. मले तुह्याशीच लग्न करायचं आहे. पहिल्यापासून करायचं होतं. हे वाक्य मी तपासणार नाही.

आता हे आजच का लिहिलं ते. पाकिटात दुसरा एक घडीचा कागद आहे, तो तू अजून उघडला नसशील. तो तुझ्या लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ आहे. सर म्हणाले होते, शरयूला फोनवर पाठव, ती एकदा नजर टाकेल. तसं पाठवणं मला जमलं नाही. मजकूर माझा आहे, तुझ्या नावापुढं त्याचं नाव मीच जुळवलं आहे, आणि खाली शौनकच्या शेजारी माझंही नाव आहे. उद्या खामगावच्या टपालात टाकलं तर हे शनिवारपर्यंत तुला पुण्यात मिळेल. सोमवारी सकाळी अकराला पत्रिका यंत्रावर चढेल. त्याआधी तू फक्त थांब म्हण. मला नाही, सरांना म्हण, कारण ते माझ्यानं होणार नाही, हे मी आता लपवत नाही. आणि तुझ्याकडून काहीच आलं नाही, तर मी कोणाला काही विचारणार नाही. सातशे पत्रिका आहेत. त्या मीच छापीन, आणि त्यांत एकही चूक राहू देणार नाही.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
कुलदीप