चष्म्याच्या दुकानातून जाणारी वाट

मंगळवार, ९ तारीख

चि. धाकटीस ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे, गुडघे होते तसेच आहेत. निवृत्तीनंतर मला रागवायला भरपूर वेळ मिळतो, आणि तू तो वाया जाऊ देत नाहीस.

तुझी सून माझ्याकडेच आहे. ताप उतरला. पोटातलं बाळ नीट आहे. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते. तू विचारलंस ते एवढंच, की ती न सांगता गेली कशी. सांगून जायला लागलं की तू तिला जाऊ देत नाहीस, म्हणून.

मला एक समजावून सांग. तुमचं घर वर, संडास-बाथरूम खाली, दुकानाच्या मागे, आणि वाट दुकानातूनच. दुकान उघडं असताना सुनेने गिऱ्हाइकांसमोरून जायचं नाही, हा तुझा कायदा. अगं, चष्म्याचं दुकान ते. भिंतीवरचं हाताएवढं अक्षर ज्यांना दिसत नाही, त्यांना तुझी सून दिसली की घराण्याची अब्रू जाते? म्हणून ती पाणीच पीत नाही. दुकान दुपारी बंद होईपर्यंत वरच्या खोलीत पाय आवळून बसते. आणि मागच्या खेपेला मूल गेलं, तेव्हा तूच सगळ्यांना सांगत सुटलीस, की हिने लघवी तुंबवली, त्याचा दाब पिशवीवर आला. जायचं नाही म्हणणारी तू, आणि गेली नाही म्हणून बोल लावणारीही तूच.

आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्स आपणा मुलींचे स्कर्ट पट्टीने मोजायच्या, पण वर्गात हात वर केला की निमूट बाहेर सोडायच्या. आणि त्या तर जन्मात बाळंतपणाच्या वाटेला न गेलेल्या बायका.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "लघवी रोखून धरता का?"

"सवय आहे."

"कुणी लावली?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीने. पदवीधर आहे."

लघवीचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. तिला तिथेच ठेवून घेतलं. अंगावर काढलं असतं तर दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या असत्या, असं त्या म्हणाल्या. आता औषध घ्यायचं, पाणी भरपूर प्यायचं, आणि लागली की उठायचं. एवढं साधं आहे.

मग तिने मागच्या मुलाचं विचारलं. बादली उचलली होती, स्कूटरवर बसले होते, रोखूनही धरलं होतं, एकेक करून सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत जातं ते बहुतेक वेळा गर्भच मुळात नीट घडलेला नसतो म्हणून. बादलीने जात नाही, रोखल्यानेही नाही.

"म्हणजे मी काही केलं नव्हतं?"

"नाही."

तिने तेच पुन्हा विचारलं. येताना गाडीत मलाही विचारलं.

काल तुझे चिरंजीव तिला न्यायला आले होते. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आई म्हणते'. मी म्हटलं, "तू काय म्हणतोस ते आठवलं की ये." चहा न घेता गेला. दुकान उघडं असो की बंद, तिने हवं तेव्हा खाली जावं, हे तू स्वतःच्या तोंडाने तिला सांगितलंस तर ती परत येईल. नाही तर बाळंतपण इथे होईल.

इथवर लिहिलं, आणि जे लिहायचं होतं ते राहिलंच आहे. दोनदा पेन खाली ठेवलं.

हा मुलगा व्हायच्या आधी तुझं एक गेलं होतं. तू बससाठी पळाली होतीस. आई म्हणाली, पळालीस म्हणून गेलं. त्यानंतर तू कधी कशासाठी पळाली नाहीस. समोरची बस खुशाल जाऊ देतेस. ते ओझं तू सुनेच्या डोक्यावर ठेवून पाहिलंस. तुझ्या डोक्यावरून उतरलं का?

डॉक्टरीणबाईंना मी तुझंही विचारलं. पळण्याने मूल जात नाही, धाकटे.

तुझं काही चुकलं नव्हतं, हे इतक्या वर्षांत तुला कुणीच सांगितलं नाही म्हणून सगळ्यांवर रागावलेली,

तुझी ताई