कपाटावरचे बूट

चिरंजीव,

काल रात्री तू माझे बूट कपाटावर लपवलेस, ते सापडले. स्टुलावर चढून काढले, आणि पडले नाही. गुडघा नवीन बसवलाय तो वापरायलाच.

तळ्याला वळसा घालून येते. मग पाण्यातही उतरणार आहे, तेव्हा मोठा टॉवेल शोधत बसू नका. या घराच्या मालकीणबाई रोज पोहायला जातात, त्या सोबत आहेत. फोन मुद्दाम टेबलावर ठेवलाय, नाहीतर तू दर वळणावर "आई, दमलीस का?" विचारशील.

जेवताना सगळ्यांसमोर म्हणालास, "सुट्टीवर आलीयेस, आराम कर की!" डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं, रोज चाला, पण जपून. तू त्यातलं 'जपून' तेवढं ऐकलंस.

दूध तापवून ठेवलंय. सूनबाईला उठवू नकोस, वर्षभर ती धावतेच आहे.

तुझे बाबा आजारातून उठले, तेव्हा आपण दोघांनी त्यांना असंच जपलं. पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन दिला. ते खुर्चीत बसले ते बसलेच. ती खुर्ची मला नको.

फारच काळजी वाटत असेल तर तळ्यावर ये. तुझेही बूट दाराशी काढून ठेवलेत. नाड्या बांधताना पोट आड येत असेल तर तसाच ये, मी बांधून देईन. मला आता वाकता येतं.

— आई